शून्य क्रमांकाचा मालक

पावती माझ्या नावाची, हप्ते माझ्या पगारातून गेलेले, काचेवरचा चरा माझ्याच किल्लीचा; तरीही ज्या फोनला मी माझा म्हणत होतो, त्यातून क्रिकेटचा एक खेळ, खरेदीची दोन दुकाने आणि बातम्यांच्या नावाखाली नट्यांची लग्ने कळवणारे एक ॲप काढून टाकण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांच्यावर बोट दाबून धरले तरी ‘अनइन्स्टॉल’ हा पर्याय येतच नसे. ‘डिसेबल’ एवढाच येई. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला एखादी गोष्ट करता येणार नाही असे नुसते सांगावे, म्हणजे ती करण्याची त्याला एरवी नसलेली गरज तत्काळ निर्माण होते.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने माझी व्यथा ऐकून घेतली आणि मांडी ठोकली. “मामा, पैसे कुणी भरले? तुम्ही. मग काय ठेवायचं नि काय काढायचं हे कंपनी कोण सांगणार? रूट मारूया की!”

त्याचा युक्तिवाद समजण्यासाठी फोनमधली अधिकारांची उतरंड ठाऊक असायला हवी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही संगणकांची कार्यप्रणाली आहे आणि लिनक्सच्या रीतीप्रमाणे फोनमधल्या प्रत्येक ॲपला वापरकर्ता म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळतो. एका क्रमांकाच्या ॲपला दुसऱ्याच्या फायली उघडता येत नाहीत. बँकेच्या ॲपमधला मजकूर टॉर्चच्या ॲपला वाचता येत नाही, तो टॉर्चवाल्याच्या सज्जनपणामुळे नव्हे, तर या शिस्तीमुळे. सर्वांच्या वर असतो क्रमांक शून्य, म्हणजे रूट. त्याला सर्व काही वाचता, लिहिता आणि पुसता येते. फोन विकत घेणाऱ्याला मात्र हा शून्य क्रमांक दिला जात नाही; तो आपल्या हाती घेणे म्हणजे रूट मारणे. मी एका पतसंस्थेच्या कर्जविभागात नोकरी करतो. कोणाच्या सहीने काय चालते आणि कोण नुसताच खुर्चीत बसलेला असतो, हे मला चटकन उमगते. माझ्या फोनमध्ये मी खुर्चीतला होतो.

प्रारंभी तर ही शिस्त पुरेशी घट्टही नव्हती. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, म्हणजे टी-मोबाइल जी-वनमध्ये, अशी एक मौजेची चूक राहून गेली होती, की कळफलकावर जे काही टाइप होई ते पडद्यामागे शून्य क्रमांकाच्या अधिकाराने चालणाऱ्या एका कन्सोललाही, म्हणजे लेखी आज्ञा पाळणाऱ्या खिडकीलाही, पोचत असे. कोणी मित्राला संदेश लिहिताना ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबला, तर फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू होई. पुढे दारे बंद होत गेली. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून खुद्द शून्य क्रमांकाच्या प्रक्रियांवरही एसई-लिनक्सचे, म्हणजे कोणत्या प्रक्रियेने कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचे, नियम सक्तीने लागू झाले आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, सुरू होताना सिस्टिममध्ये कोणी ढवळाढवळ केलेली आढळली तर पुढे जायचेच नाही, अशी तपासणी कडक झाली.

ही तपासणी सैल करण्याचा पहिला टप्पा मला फार आवडला. सेटिंग्जमध्ये शेवटी ‘बिल्ड नंबर’ नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट आपटले, की आपण आता डेव्हलपर झाला आहात, असे फोन स्वतः होऊन जाहीर करतो. पतसंस्थेत कनिष्ठचा वरिष्ठ होण्यासाठी मला जी वर्षे घालवावी लागली ती आठवून मी क्षणभर स्तब्ध झालो. नंतर बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांआधी जागा होऊन सिस्टिमला उठवणाऱ्या कार्यक्रमाचे, कुलूप उघडायचे होते. तसे करताना फोन आपल्यातली सर्व माहिती पुसून टाकतो, आणि यात दुष्टावा नाही, तर शहाणपणा आहे. नाहीतर सापडलेल्या फोनचे कुलूप उघडून कोणीही आतले फोटो पाहत बसला असता. जोतिबाच्या यात्रेचे फोटो आणि आईच्या आवाजातली तांबड्या रश्श्याची कृती संगणकावर उतरवून घेतली, भाच्याने केबल जोडली, आवाज कमी करण्याची आणि चालू-बंदची कळ एकत्र दाबली, आणि काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरे धावू लागली. मी उगाचच चष्मा पुसला.

फोन परत सुरू झाला तो एक सूचना दाखवत. बूटलोडर उघडा आहे, या फोनच्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, महत्त्वाची माहिती यात ठेवू नका, असा तिचा आशय होता. ही सूचना त्यानंतर प्रत्येक वेळी फोन सुरू करताना येई आणि काही सेकंद तशीच राही. पत्नीने ती एकदाच वाचली. “स्वतःच्या तोंडानं सांगतोय बिचारा, माझा भरवसा धरू नका म्हणून,” ती म्हणाली, “आणि तुम्ही त्याच्यात गॅसचं बुकिंग ठेवलंय.”

तरीही शून्य क्रमांक हाती आल्यावर पहिले दिवस वैभवाचे गेले, हे मान्य केले पाहिजे. क्रिकेट गेले, दुकाने गेली, नट्या आपापल्या सासरी गेल्या. जाहिराती बंद झाल्या. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग आपोआप थांबू लागले. काढलेल्या ॲपांची जागा माझ्या फोटोंना मिळाली नाही, कारण ती सिस्टिमच्या विभागातली जागा होती आणि त्या विभागात फोटो ठेवायचे नसतात. पण जागेसाठी हे करतोच कोण! प्रश्न तत्त्वाचा होता. अमेरिकेत २०१० साली, फोनमधले असले कुलूप मालकाने उघडणे हा कॉपीराइटच्या कायद्याचा भंग ठरणार नाही, अशी सवलत सरकारी पातळीवर देण्यात आली, हे मी कचेरीत मुद्दाम दोघा-तिघांना सांगितले. त्यांपैकी एकाने, “तिकडं चालतंय ओ,” एवढेच उत्तर दिले.

वैभवाला तडा गेला तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. म्हैस समोर, धार समोर, फेसाळलेला पेला हातात, आणि पेला रिकामा झाल्यावर पैसे द्यायला मी बँकेचे ॲप उघडले. ते उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले, तेव्हा त्याने मिटण्याआधी सभ्यपणे कळवले, की सुरक्षेच्या कारणास्तव या उपकरणावर सेवा देता येत नाही. दूध परत करण्याच्या अवस्थेत राहिलेले नव्हते.

“काय झालं ओ साहेब? रेंज न्हाई?”

रेंज होती. पत नव्हती. हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे ते न कळून मी खिसे चाचपत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, “राहू द्या, उद्या द्या.” ज्या मालकाचा त्याच्या स्वतःच्या बँकेला विश्वास वाटेना, त्याला म्हशीवाल्याने तोंड पाहून उधारी दिली.

भाच्याच्या मते हा किरकोळ विषय होता. बँकेचे ॲप गूगलच्या यंत्रणेला विचारते, की हा फोन सरळ आहे का. पूर्वी या यंत्रणेला सेफ्टीनेट म्हणत, आता प्ले इंटेग्रिटी म्हणतात. तिला चकवायचे, एवढेच. या चकवाचकवीचा इतिहास मला त्या आठवड्यात कळला. रूट करण्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे मॅजिस्क हे साधन जॉन वू या तरुणाने २०१६ साली बाहेर काढले, आणि बँकांसारख्या ॲपांपासून रूट लपवण्याची सोय ही त्याची मोठी ख्याती होती. २०२१ मध्ये हा गृहस्थ गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षाविभागात नोकरीला लागला आणि लपवण्याची ती सोय त्याने आपल्या साधनातून काढून टाकली. वसुलीवाल्यांना हुलकावणी देण्यात वाकबगार असलेला कर्जदार आमच्याकडे वसुली अधिकारी झाला, तर पहिले काय होईल हे मला सांगायला नको.

त्याने सोडलेले काम इतरांनी उचलले आहे. भाचा रात्री कुठल्या तरी टोपणनावाच्या इसमाने तयार केलेले मॉड्यूल, म्हणजे मॅजिस्कला जोडायचा पुरवणी कार्यक्रम, माझ्या फोनमध्ये घाली, सकाळी बँक प्रसन्न असे, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा दार बंद होई. कारण नवे फोन नुसत्या सॉफ्टवेअरच्या शब्दावर अवलंबून राहत नाहीत. चिपच्या आत एक वेगळा सुरक्षित भाग असतो, त्यातल्या किल्लीने सही केलेला दाखला बाहेर जातो, आणि बूटलोडरचे कुलूप उघडे आहे की बंद, हे त्या दाखल्यात लिहिलेले असते. त्या भागावर शून्य क्रमांकाचीही सत्ता चालत नाही. मी आयुष्यभर लोकांना “जामीनदार आणा” म्हणत आलो. माझा जामीनदार माझ्याच खिशात बसून माझ्याविरुद्ध खरी साक्ष देत होता, आणि त्याला फोडण्यासाठी मी एका टोपणनावाच्या इसमाला घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या होत्या. तो इसम सज्जन असेलही. आमच्या संस्थेत एवढ्या माहितीवर कोणाला पाचशे रुपये मिळत नाहीत.

बँकेपाठोपाठ इतरांनीही खुर्च्या मागे सरकवल्या. नेटफ्लिक्सने तर २०१७ पासूनच अशा फोनांना प्ले स्टोअरमधून आपले ॲप घेऊ देणे बंद केलेले आहे. फोनची दरमहाची सुरक्षादुरुस्ती आपोआप बसेना, कारण ती बसवण्यापूर्वी सिस्टिम जशी असायला हवी तशी माझी राहिली नव्हती. गूगलने २०१५ पासून अशा दुरुस्त्या दर महिन्याला प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेवला आहे, म्हणजे दर महिन्याला कोणकोणत्या फटी आहेत त्यांची यादी जगजाहीर होते, आणि माझ्या फोनमध्ये त्या फटी तशाच उघड्या राहत होत्या. मला हे वाचून जरा घाम आला.

खरा घाम मात्र दुसऱ्याच प्रसंगी फुटला. एके दिवशी मुलीने माझ्या फोनवर वॉलपेपरचे एक ॲप उतरवले, आणि लगेच पडद्यावर एक चौकट आली : हे ॲप सुपरयूजरचा, म्हणजे शून्य क्रमांकाचा, अधिकार मागत आहे. खाली दोन बटणे, नकार आणि परवानगी, आणि त्यांतल्या नकाराशेजारी मागे मागे जाणारे सेकंद. फुलांची चित्रे दाखवणाऱ्या ॲपला शून्य क्रमांक कशासाठी हवा असावा? मुलीचे बोट परवानगीच्या अगदी वर तरंगत होते, कारण परवानगी दिल्याशिवाय कुठलेच ॲप चालत नाही एवढे शिक्षण आजच्या मुलांना झालेलेच असते. मी फोन हिसकावून घेतला. २०११ च्या मार्चमध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचा घातक कार्यक्रम गूगलच्याच बाजारातल्या पन्नासहून अधिक ॲपांमध्ये दडलेला सापडला होता. फोन रूट करण्यासाठी हौशी लोक ज्या फटी वापरत, त्याच फटींतून तो शून्य क्रमांक गुपचूप बळकावत असे. त्याला निदान चोरी करावी लागली होती. माझ्याकडे अर्ज आला होता, आणि मंजूर होता होता राहिला होता.

अशात चार्जिंगचे छिद्र बिघडले. फोन वॉरंटीत होता. भाचा म्हणाला, “मामा, आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकू, कुलूप लावू, मग सेंटरला जावा. कुणाला पत्ता लागणार न्हाई.” बेत मोठा नामी होता, त्यात अडचण इतकीच होती, की मूळ सॉफ्टवेअर टाकून कुलूप लावायचे ते केबलनेच, आणि केबल जिथे खुपसायची तेच छिद्र बिघडले होते. छिद्र दुरुस्त झाल्याशिवाय फोन सरळ होईना आणि फोन सरळ झाल्याशिवाय छिद्र फुकट दुरुस्त होईना. या वर्तुळात आम्ही मामा-भाचे बराच वेळ हिंडलो, आणि बॅटरी एकीकडे उतरत होती.

मी तसाच सेवाकेंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन सुरू केला, ती सुप्रसिद्ध सूचना आली, आणि त्याने फोन माझ्याकडे वळवून तीवर बोट ठेवले.

“सर, तुम्ही डेव्हलपर आहात का?”

“फोन तसं म्हणतो खरा,” मी म्हणालो.

पुढचा वाद मी पतसंस्थेतला सारा अनुभव पणाला लावून केला. चार्जिंगच्या छिद्रात झिजलेली तार आणि सॉफ्टवेअरमधला शून्य क्रमांक यांचा कार्यकारणसंबंध दाखवा, असे मी म्हणालो, आणि माझा मुद्दा आजही मला बिनतोड वाटतो. प्रोसेसर मर्यादेपलीकडे पळवून जाळला, तर कंपनीने हात वर करणे समजू शकते, पण तार? काही कंपन्या हा भेद मानतात, काही मानत नाहीत. मोटोरोलाकडे कुलूप उघडण्याचा कोड मागितला, की वॉरंटीवर पाणी सोडत असल्याची अट आधी मान्य करावी लागते. सॅमसंगच्या फोनांत तर आत एक बारीक फ्यूज असतो. परके सॉफ्टवेअर चढवले की तो कायमचा उडतो, मागाहून मूळ सॉफ्टवेअर टाकले तरी जुळत नाही, आणि खाजगी फायली कुलपात ठेवणाऱ्या सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात त्या जातातच. त्या मुलाने माझे सगळे शांतपणे ऐकले आणि वॉरंटीच्या कार्डाची मागची बाजू पुढे सरकवली. तिथे मुंगीच्या अक्षरांत, अनधिकृत फेरफारासंबंधीचे वाक्य होते. मुंगीच्या अक्षरांतली वाक्ये दाखवून लोकांना गप्प करणे हा माझाही रोजचा धंदा असल्याने मला त्याचा राग येईना. ग्राहक आयोगात जाण्याचा विचार मी बोलून दाखवला. तार बदलायला लागणाऱ्या पैशांचा आकडा ऐकल्यावर तो परत घेतला.

राजारामपुरीतल्या एका बोळात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि एक स्टूल. तिथल्या माणसाने फोन उघडला, फुंकर मारली, चार्जिंगची छोटी पट्टी बदलली आणि अर्ध्या तासात हातात दिला. सुरुवातीच्या सूचनेकडे त्याने पाहिलेही नाही. “स्कॅन करा,” तो म्हणाला, आणि मी खिशातून रोख काढली. हल्ली मी रोख बाळगत होतो.

छिद्र जिवंत झाल्यावर भाच्याने त्याच रात्री मूळ सॉफ्टवेअर चढवले, ते जसेच्या तसे बसल्याची दोनदा खात्री केली, कारण फेरफार केलेल्या सिस्टिमवर कुलूप लावले तर फोन उठतच नाही, आणि मग कुलूप लावले. माहिती पुन्हा एकदा पुसली गेली. बँकेने एसएमएस मागवला, कार्डाचे आकडे विचारले, नवा पिन घेतला आणि मला पूर्ववत पदरात घेतले. दूधवाल्याचे पैसे मी दुसऱ्याच दिवशी चुकते केले होते, पण आता त्याच्या क्यूआरवरही पाठवता येऊ लागले.

भाचा मात्र गप्प बसणारा नाही. परवा त्याला आमच्या कपाटात वॉरंटी कधीच संपलेला, कंपनीने दुरुस्त्या पाठवणे सोडून दिलेला, बँकेचे एकही ॲप नसलेला एक जुना टॅब सापडला. खरे तर शून्य क्रमांक घ्यायचा तो अशाच उपकरणात, असे माझे मत झालेले आहे, म्हणून मी होकार दिला आणि केबल आणायला उठलो. “थांबा,” पत्नी आतून म्हणाली, “त्याच्यात माझं गुगलचं खातं अजून चालू आहे. आधी ते काढा, मग काय ते मालक व्हा.”