निळी बोटं म्हणजे ‘मेलेली नस’ नव्हे

सध्या फिरणारा संदेश असा: थर्मल कॅमेऱ्याने हाताचा फोटो काढा, निळा दिसला तो भाग म्हणजे मेलेली नस (नर्व्ह), सुया टोचणारी ईएमजी (स्नायूंतले विद्युत संकेत मोजणारी तपासणी) हवी कशाला?

‘निळं म्हणजे मेलेली नस.’ कॅमेरा नस बघतच नाही. तो त्वचेची उष्णता टिपतो आणि ती ठरते रक्तप्रवाहावर. रक्तवाहिन्या आवळून धरणारे सिम्पथेटिक (आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेचे) तंतू नसेतूनच बोटांपर्यंत जातात. मनगटापाशी मीडियन नर्व्ह (तर्जनी, मधल्या बोटाकडे जाणारी नस) पूर्ण कापली की ही पकड सुटते आणि तर्जनी व मधलं बोट सुरुवातीला चक्क गरम होतात! पुढच्या आठवड्या-महिन्यांत रक्तवाहिन्या अ‍ॅड्रिनॅलिनला जास्तच दाद देऊ लागतात, हातही वापरात नसतो, मग बोटं गार पडतात. मधल्या टप्प्यात दोन्ही हात सारखे दिसू शकतात. म्हणजे इजा कधी झाली हे माहीत नसेल तर फोटोवरून काहीच ठरत नाही. रंग तर सॉफ्टवेअर भरतं. रंगांचा पट्टा 33 ते 37 अंशांवर ठेवा, धडधाकट बोटंही निळी होतील.

‘दोन हातांत अर्ध्या अंशाचा फरक पुरेसा.’ निरोगी माणसाच्या दोन बाजूंतही सरासरी पाव अंशाचा फरक असतो, बोटांत त्याहून जास्त. बहुतेक कॅमेऱ्यांची अचूकता ±2 अंश असते, म्हणून दोन्ही हात एकाच फोटोत हवेत.

‘कुठेही काढा.’ नाही. खोली 22-24 अंश, पंखा बंद, ऊन नको. अंगठी-घड्याळ काढून, बाह्या वर करून 15-20 मिनिटं बसवा. आधी चहा, सिगारेट, तेल, मलम नको. कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) 0.98 ठेवा. हात टेबलावर टेकवू नका. शंका उरली तर पातळ हातमोजा घालून 20 अंशांच्या पाण्यात 1 मिनिट हात बुडवा आणि कुठलं बोट उशिरा गरम होतं ते पाहा. रेनोच्या आजारातही (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात तो) बोटं अशीच रेंगाळतात, हे विसरू नका.

‘ईएमजी नको.’ खरं नुकसान इथे होतं. पोस्टेरियर इंटरऑसियस नर्व्ह (बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंची नस) त्वचेला जातच नाही. बोटं लुळी पडली तरी फोटो स्वच्छ. न्यूरोप्रॅक्सियात (नस न तुटता तिचं काम तात्पुरतं थांबतं तेव्हा) जाड तंतू बंद पडतात, बारीक सिम्पथेटिक तंतू बहुधा शाबूत राहतात. तिथेही फोटो फसवतो. स्नायूची नस तुटली आहे का, हे सुमारे 3 आठवड्यांनी सुईच सांगते. मात्र काचेने कापलं आणि बोट बधिर झालं, तर फोटो वा ईएमजीची वाट न बघता हाताच्या सर्जनकडे जा.

फोटोचा उपयोग होतो तो ‘इथे कळतंय का?’ याचं उत्तर देऊ न शकणाऱ्या लहान मुलात किंवा बेशुद्ध रुग्णात. तिथेही जोडीला बोटं 40 अंशांच्या पाण्यात 30 मिनिटं ठेवून पाहावी: नस तुटलेल्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत.