दुखणे थांबले म्हणजे स्नायू भरून आले असे नाही

डिसेंबर लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या धावणाऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरू लागतो, आणि पुढे तो जालना, परभणी, लातूरच्या मित्रांकडूनही परत येतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एक मॅरेथॉन आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची दुसरी, असे साधारण सहा आठवड्यांचे अंतर ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी तो लिहिलेला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: शर्यतीनंतरची पायदुखी लॅक्टिक ॲसिडमुळे होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी १० किलोमीटर धावून ते जाळून टाकावे, आठवडाभर थांबल्यास सहा महिन्यांची मेहनत वाया जाते, फार दुखल्यास वेदनाशामक गोळी घेऊन धावावे, दुखणे थांबताच पुन्हा ३२ किलोमीटरचा पल्ला करावा. विश्रांतीची गरज नाही हे पटवायला शेवटी वारकऱ्यांचा आणि धावपटू अविनाश साबळे यांचा दाखला दिला आहे. यातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा एकाच चुकीवर उभा आहे: शरीर सावरले की नाही, हे केवळ वेदनेवरून मोजण्याची चूक.

लॅक्टिक ॲसिडची गोष्ट आधी घेऊ, कारण तीच सर्वांत जास्त पसरली आहे. जोरदार श्रमात रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचेच शरीरातील रूप, वाढते हे खरे. परंतु श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात ते पुन्हा नेहमीच्या पातळीवर येते, आणि मधल्या काळात हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. शिवाय मॅरेथॉन ज्या वेगाने धावली जाते त्या वेगाला ते फारसे साचतही नाही. सोमवारी सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, तेव्हा जाळून टाकण्यासारखे काहीच शिल्लक नसते. जे असते ती स्नायूतंतूंची सूक्ष्म तुटफूट आणि तिच्याभोवतीची सूज. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो आणि ४२.१९५ किलोमीटरमध्ये हे हजारो वेळा घडते. म्हणूनच चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखते. ही वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि बहुतेकांची पाच-सहा दिवसांत जाते. मात्र मॅरेथॉन धावलेल्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा सात दिवसांनंतरही तंतूंमधील बिघाड दिसला. म्हणजे वेदना आधी जाते आणि दुरुस्ती मागे चालू राहते. दुसऱ्या दिवशीचे १० किलोमीटर या तुटक्या तंतूंवरच नवा भार टाकतात.

याचा अर्थ गादीवर पडून राहावे असा मुळीच नाही, आणि इथे संदेशाला उत्तर देणारे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. रक्ताभिसरण वाढले की पाय मोकळे होतात, हा अनुभव खरा आहे. फक्त आदळआपट नको. पहिल्या आठवड्यात रोज वीस-तीस मिनिटे सावकाश चालणे आणि चार दिवसांनंतर सपाट रस्त्यावर हलकी सायकल एवढे पुरेसे आहे. पायाला फोड अथवा जखम नसेल तर पोहणे उत्तमच, आणि गावाकडे विहिरीला पाणी असेल तर त्यासाठी शहरातील तरणतलावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आठवडाभरात मेहनत वाया जाते, हे विधान भीतीवर चालते. धावणे पूर्ण बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवाचा भाग कमी होतो, त्यामुळे परत धावताना दम लागल्यासारखे वाटते. सराव सुरू होताच तो भागही भरून येतो. ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेत दोन-तीन आठवडे काहीच न केल्यास सुमारे ५ ते ७ टक्के घट होते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे, जे घडायला महिने आणि वर्षे लागतात, ते त्याहून कितीतरी हळू विरळ होते. आणि धावण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी केले तरी थोडा वेगाचा भाग राखल्यास क्षमता अनेक आठवडे टिकते. सहा आठवड्यांत नवी क्षमता फारशी कमावता येत नाही. कमावलेली राखायची असते. ३२ किलोमीटरचा पल्ला म्हणूनच अनावश्यक आहे. डिसेंबरची शर्यत हाच तुमचा लांब पल्ला होता.

मग मधल्या आठवड्यांत करायचे काय? माझा स्वतःचा क्रम असा आहे: दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धा तास, तेही सिमेंटच्या रस्त्यावर नव्हे तर मुरमाच्या वाटेवर, सहज बोलता येईल इतक्या वेगाने. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात एकेकदा १८ ते २२ किलोमीटर, त्यातील शेवटचे काही किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. शेवटचे दोन आठवडे पुन्हा उतरते प्रमाण. पुढच्या पायरीवर जाण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो: कठडा न धरता जिना सहज उतरता येतो का, आणि पहाटे उठल्याबरोबरची नाडी नेहमीच्या आकड्यावर आली आहे का. नाडी आठ-दहा ठोक्यांनी वर असेल तर त्या दिवशी चालणेच. जेवणाबाबत एवढेच सांगतो की पहिले दोन-तीन दिवस भाकरी, भात कमी करण्याचे नाहीत. स्नायूंतील साखरेचा साठा भरायला आणि दुरुस्तीला दोन्हीला अन्न लागते, आणि ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, अंडी यांतून ते नीट मिळते.

गोळीचा सल्ला मात्र सौम्य शब्दांत खोडून चालणार नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. लांब धावणे आणि पाणी कमी पडणे यांनी तो आधीच आकसलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे गोळी दुखणे झाकते. आमच्या पहाटेच्या गटातील एका मित्राने तीन आठवडे अशाच गोळ्यांवर धावून काढले. नडगीच्या एका जागी बोट ठेवले की कळ येत होती आणि रात्रीही ठणकत होते. शेवटी हाडाला चीर असल्याचे निघाले आणि त्याचा पुढचा सगळा हंगाम गेला. स्नायूंची दुखी पसरलेली असते आणि दोन्ही पायांत सारखी असते. एका बोटाने दाखवता येईल असे हाडावरचे दुखणे वेगळे, आणि त्याला डॉक्टरांकडेच न्यावे लागते.

वारकऱ्यांचा दाखला मनाला भिडतो, कारण पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारी माणसे आपल्या घरांतली आहेत. पण ते चालतात. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो आणि पावलावरचा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडाच अधिक असतो. धावताना तो दुप्पट ते तिप्पट होतो. वारीतून घ्यायचेच असेल तर पहिल्या आठवड्यात चालण्याचे घ्यावे.

राहिले अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या धावपटूने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत. आठ-सव्वाआठ मिनिटांच्या त्या शर्यतीनंतरची विश्रांती मॅरेथॉनला लावता येत नाही. मॅरेथॉनचा दाखला हवा असेल तर केनियाचे एलिउड किपचोगे २०१८ मध्ये एप्रिलात लंडनला धावले आणि विश्वविक्रम केला तो सप्टेंबरात बर्लिनला. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या ४१ व्या वर्षी, मॅरेथॉनचे रौप्य घेतले. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस कठोर धावणे टाळावे, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. मॅरेथॉन २६ मैलांची. म्हणजे डिसेंबरचा जवळजवळ सगळा महिना.