पिसवांचं कुळ

इलोला, पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर, पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट. तांब्याच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा या रखरखाटाचा वैताग यायचा. मग जवळच्या एल अल्गारोबालच्या संग्रहालयात चिरिबाया या इथल्या प्राचीन लोकांच्या वस्तू पाहिल्या आणि मत बदललं. हजारेक वर्षांपूर्वी या लोकांनी आपली कुत्री पांघरुणात गुंडाळून, काहींच्या शेजारी मासा ठेवून पुरली. वाळूनं त्यांची कातडी, केस आणि केसांतल्या पिसवासुद्धा राखल्या.

त्या पिसवांतून डीएनए कसा काढायचा, यावर काटरीना डिटमार आणि सहकाऱ्यांचा 2003 चा शोधनिबंध आहे. काम जिकिरीचं. पिसू ती केवढी, तिच्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला, आणि हाताळणाऱ्याचा स्वतःचा डीएनए त्यात मिसळला की खेळ खलास.

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र प्राचीन डीएनए म्हटलं की एकच विषय: आर्य बाहेरून आले की इथलेच? पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा राखीगढीवरचा, म्हणजे हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या सांगाड्यांवरचा निबंध 2019 मध्ये आला. 61 नमुने तपासले, हाती लागला एका बाईचा डीएनए. त्या एकटीच्या जिवावर आमच्याकडे दोन्ही बाजू जिंकल्या! मी पिसवांचं सांगितलं, तर दादा म्हणाला, "तू तिकडे उवा-पिसवाच मोज."

दादाला गंमत कळली नाही. माणसाला चावणारी पिसू मुळात दक्षिण अमेरिकेतली, इथल्या गिनीपिगच्या अंगावरून जगभर पसरली, असा एक तर्क आहे. म्हणजे प्रश्न तोच, कोण कुठून आलं. पण उत्तर काहीही निघो, कुणाची अस्मिता दुखावत नाही, म्हणून शांतपणे तपासता येतं.

इकडचं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. थडगी फोडून कापडं, मडकी विकणारे पेरूत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि फोडलेल्या थडग्यातल्या कुत्र्याची किंमत त्यांच्या लेखी शून्य.

आपल्या हवेत ममी टिकणार नाहीत, मान्य. पण पोटातल्या जंतांची अंडी जुन्या मातीत टिकू शकतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, जिथं उत्खनन झालं, साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी गुरं पाळून राहत होते. त्यांच्या गुरांना कुठले जंत होते, हे ग्रुपवर विचारून पाहिलं. दोघांनी अंगठा दाखवला, दादा ऑफलाइन.