जावा कापायची की जपायची?

बर्मिंगहॅमहून दर रविवारी सोलापूरला फोन होतो आणि गेले तीन रविवार त्यावर एकाच विषयाचा वाद चालू आहे. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घेतलेली १९७२ ची जावा २५० मोटारसायकल आमच्या साखर पेठेतल्या घराच्या बोळात ताडपत्रीखाली उभी आहे. पुतण्याला तिची मोटोक्रॉस गाडी, म्हणजे रानात-चिखलात उड्या मारत शर्यत खेळायची गाडी, करायची आहे : मडगार्ड कापायचे, सायलेन्सर वर वळवून घ्यायचा, रुंद हँडल आणि मोठ्या खाचांचा टायर बसवायचा. दादांचे म्हणणे असे की, अप्पांनी जशी सोडली तशीच ती राहील आणि कोणी पाना घेऊन तिच्याजवळ फिरकायचे नाही. वहिनींचे मत तिसरेच आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीला सरकार पर्यावरण कर लावते, स्क्रॅप धोरण आणते, आणि आपण मात्र बोळ अडवून बसलो आहोत, तेव्हा भंगारवाल्याला बोलवावे. मी इथे घरामागच्या शेडमध्ये जुन्या मोटोक्रॉस गाड्या उभ्या करत असतो, म्हणून निवाडा माझ्यावर सोपवला गेला.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर दादांचे पारडे जड आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात असेल आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसतील, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते; नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नंतरच्या फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. पुतण्याने मडगार्डाला करवत लावली की ही वाट बंद होते. दुसऱ्या बाजूला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलेले आहे. आपल्या शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग मांडून पोलीस त्यांवर रोडरोलर फिरवतात, त्याचे व्हिडिओ पुतण्यानेच मला पाठवले. त्याला वाटले, मी हळहळेन. पण रात्री साडेअकराला फटाके फोडत जाणाऱ्या गाडीबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही.

तरीही या साऱ्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही. कायदा, दंड, रोडरोलर हे सगळे रस्त्यावरच्या गाडीसाठी आहे, आणि मोटोक्रॉसची गाडी मुळात रस्त्याची नसतेच. तिला दिवा नसतो, हॉर्न नसतो, नंबरप्लेट लावायला जागाही नसते. माझ्या शेडमधल्या १९६७ च्या सीझेड २५० ला, जी जावाचीच चेकोस्लोव्हाकियातली चुलतबहीण, आजवर नंबर मिळालेला नाही आणि तो कोणी मागितलेलाही नाही. ती व्हॅनमध्ये घालून नेतो, शेतात उतरवतो, चिखलात लोळवतो आणि परत आणतो. इंग्लंडच्या नियोजन नियमांनुसार मोटार आणि मोटारसायकल शर्यतींसाठी एखादी जमीन वेगळी परवानगी न काढता वर्षातले १४ दिवस वापरता येते, आणि छोटे क्लब त्याच १४ दिवसांवर जगतात. शेतकऱ्याला भाडे मिळते. आयोजक विमा उतरवतात आणि रुग्णवाहिका उभी ठेवतात. सुरुवातीला आवाज मोजला जातो आणि जास्त भरला तर गाडी रांगेतून बाहेर काढली जाते. इथे सगळे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. याच बर्मिंगहॅममध्ये वस्तीतून, फुटपाथवरून मोटोक्रॉस गाड्या उडवणारी पोरे आहेत, आणि त्यांच्या गाड्या जप्त होऊन यंत्राखाली चुरडल्याही जातात. फरक एवढाच की, ज्याला खरोखर खेळायचे आहे त्याला पोलीस दुसरी जागा दाखवू शकतो.

दादांच्या ‘मूळ रूपा’च्या आग्रहाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण मोटोक्रॉसपुरता तो मला पटत नाही. हा खेळच फेरफारांवर वाढला. हॅम्पशायरमधल्या रिकमन बंधूंनी दुसऱ्यांची इंजिने स्वतः घडवलेल्या फ्रेममध्ये बसवली आणि त्या ‘मेटिस’ फ्रेमला आज मूळ गाडीइतकाच मान आहे. फेरफार फसतातही. माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर, स्मॉल हीथला, बीएसए या मोटारसायकल कंपनीचा कारखाना होता. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसीचे जगज्जेतेपद त्यांच्याच गाडीवर मिळवले, आणि १९६६ साठी कंपनीने वजन घटवायला टायटॅनियमची फ्रेम केली. ती लवू लागली, तिला चिरा गेल्या आणि मैदानात साध्या वेल्डिंगने जोडताही येईना. तो कारखाना आज उभा नाही. बीएसए हे नाव मात्र महिंद्रा समूहाकडे आहे, ही गोष्ट मी इथल्या म्हाताऱ्यांना जरा जास्तच वेळा ऐकवतो. याच म्हाताऱ्यांच्या ‘१९६५ पूर्व’, म्हणजे त्या सालाआधीच्या गाड्यांच्या शर्यतींच्या गटात शिरलात तर टाकीवरचे नाव तेवढे जुने आणि आतले निम्मे सामान परवा घडवलेले, अशा गाड्या दिसतात, आणि त्यावरून चहाच्या कपासोबत होणारी भांडणे आमच्या रविवारच्या फोनपेक्षा कमी कडवट नसतात.

पण म्हणून पुतण्या बरोबर ठरत नाही. त्याचा खरा बेत मागचे शॉकअप पुढे घेऊन तिरके बसवण्याचा आहे. १९७४ च्या सुमारास मोटोक्रॉस गाड्यांत हेच झाले, आणि जेमतेम चार इंच खाली-वर होणारे मागचे चाक काही वर्षांत दहा इंचांवर गेले. मात्र शॉकअप स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, जितके पुढे सराल तितका त्यावरचा आणि फ्रेमच्या जोडावरचा भार वाढतो, स्प्रिंग कडक लागते, आणि गाडीची मागची बाजू उंचावली की हँडलचा कोन बदलून ती सरळ चालेनाशी होते. जावाची फ्रेम चौकोनी नळीची आहे, दोन माणसे आणि दुधाची किटली वाहून नेण्यासाठी केलेली. तिसऱ्या उडीला ती कुठे चिरेल, ते मी इथून बोट ठेवून दाखवू शकतो.

हात मात्र सोलापुरात आहेत, इथे नाहीत. गेल्या डिसेंबरात मी सीझेडचा सिलिंडर कपड्यांत गुंडाळून घरी आणला, कारण इथल्या कारागिराने बोअरसाठी, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, सहा आठवडे सांगितले होते. अक्कलकोट रोडकडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी जुना लेथ घेतला. मी इंग्लंडहून लिहून आणलेले माप त्याच्यापुढे धरले. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. “पिस्टन कुठंय? आकड्यावर बोअर मारत नसतो मी, पिस्टनवर मारतो,” म्हणाला. पिस्टन दिला. त्याने तो मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला आणि दुपारच्या जेवणाआधी काम संपवले. मग सिलिंडर बल्बसमोर धरून एक रिंग आत सरकवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, मला दाखवली. इथे आणून गाडी जोडली, ती दुसऱ्या किकला सुरू झाली. अशी माणसे असलेल्या शहरात पोरांनी गाडीवर करायचे काम म्हणजे फक्त सायलेन्सर फोडणे उरावे, याचे मला वाईट वाटते.

म्हणून मी दिलेला निवाडा असा होता : जावा दादांच्या ताब्यात राहावी आणि तिचे व्हिंटेजचे कागद करावेत. पुतण्याने कागदपत्रे स्वच्छ असलेली, चोरीची नाही याची खात्री करून घेतलेली दुसरी मोडकी गाडी घ्यावी, तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी आणि मग तिच्यात हवे ते करावे, मात्र तिचे चाक डांबरी रस्त्याला लागता कामा नये. सरकारकडे काही मागायचेच तर आवाज वाढवण्याची सूट नको. रस्त्यावरून उतरलेल्या गाडीला भंगाराखेरीज दुसरे ठिकाण आणि वर्षातले मोजके दिवस मागावेत. आपल्याकडे ज्वारी निघाल्यावर मार्च ते मे रान मोकळेच असते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतून बसते, ते महिने नकोत.

फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पुतण्याने विचारले, “पण काका, रान कोण देणार?”

कुंभारीला आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ती दादा कसतात, हे त्यालाही ठाऊक होते. वहिनी मागून काहीतरी पुटपुटल्या. दादा म्हणाले, “आधी ज्वारी तर निघू दे.”