फोटो नीट आला नाही म्हणून पोरीच्या हातातली वही परत घेतली

परवा आमच्या पाड्यावरच्या शाळेत वह्या वाटायला शहरातून एका मंडळाचे लोक आले होते. दुसरीतल्या एका पोरीला वही दिली, फोटो काढला, मोबाईलमध्ये बघितला आणि वही परत काढून घेतली. का, तर मागचा बॅनर अर्धाच आला. पुन्हा उभं केलं, पुन्हा दिली, पुन्हा काढून घेतली. या वेळी म्हणे ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती वहीकडे बघत होती. सात वर्षांची पोर हातात कोरी वही आल्यावर दुसरीकडे कुठं बघणार?

तिसऱ्यांदा वही ओढली तेव्हा तिनं सोडलीच नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली. घरात पावरी बोलणारं लेकरू, त्या माणसाचं मराठी तिला अर्धंही कळत नव्हतं. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. आणि त्या माणसानं हसत हसत तिची बोटं सोडवली. हसत हसत! माझं डोकंच फिरलं. "हाई काय चाली ऱ्हायनं, भाऊ?" मी पोरांदेखत ओरडलो. मुख्याध्यापकांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. तो माणूस म्हणतो, "सर, दोनच मिनिटं." तुमची दोन मिनिटं, पण चाळीस पोरं साडेदहापासून बारा वाजेपर्यंत अंगणात उभी होती. जून आहे, पावसाचा पत्ता नाही, खाली माती तापलेली आणि निम्म्यांच्या पायात चपला नाहीत.

बॅनरवर काय, तर 'गरीब व गरजू विद्यार्थ्यांना मोफत वह्या वाटप'. अहो, पोरांना वाचता येतं. आम्हीच शिकवलंय. चौथीतल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "सर, गरजू म्हणजे आपण का?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आणि दिलं काय? सगळ्यांना सरसकट एकेक दोनशेपानी एकरेघी. पहिलीच्या पोराला एकरेघी! त्याला अजून रेघ धरून अक्षर काढता येत नाही. त्याला दुरेघी लागते, इंग्रजीला चाररेघी, गणिताला चौकटी. यायच्या आधी एक फोन केला असता तर सांगितलं असतं. पेन्सिली लागतात, खोडरबर लागतात, शार्पनर तर आठवड्याला हरवतात. यांनी पेनं आणली, त्यातली निम्मी उठत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता देणाऱ्यांचे हात जरा मोकळे होतील. वह्या तेवढ्याच आल्या. कव्हरवर मात्र चार माणसांचे रंगीत चेहरे.

गेल्या वर्षी दुसरे कुणी आले होते, जुनी दप्तरं घेऊन. चेनी तुटलेल्या, एकात वाळून गेलेला पोळीचा तुकडा. त्याच्या आधी कुणीतरी संपलेल्या वर्षाच्या डायऱ्यांचं खोकं टाकून गेलं. स्वतःच्या पोराच्या दप्तरात घालाल का हे? सरकारनं २०२३ मध्ये पुस्तकातच कोरी पानं शिवून दिली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. तेव्हाही पोरांना काय लागतं हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

मी स्वतः मागच्या वर्षाच्या वह्यांमधली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून वापरली आहेत. कापसाचे पैसे हातात आले की वडील एक नवी वही आणायचे. त्या वहीचा वास मला आजही आठवतो. म्हणून त्या पोरीची बोटं सोडवताना बघवलं नाही.

सगळ्यांना यायचं असतं ते जूनमध्ये, नाहीतर १५ ऑगस्टला, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-शहाद्याकडची कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही बरोबर जातात. आमच्याकडचीही जातात. मधेच परत आलेल्या पोराकडे वही नसते, पाटी फुटलेली असते. तेव्हा कुणीही येत नाही. आणि नववीतली पोरं? आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, नववीला विकत घ्यावी लागतात. आमच्याच शाळेतून गेलेल्या दोन मुली गेल्या वर्षी त्या पुस्तकांपाशी अडल्या. एक आता कापूस वेचणीला जाते. तिच्यासाठी बॅनर घेऊन कुणी आलं नाही.

काल संध्याकाळी त्याच मंडळाचा फोन आला. शाळेच्या शिक्क्यासह आभाराचं पत्र पाहिजे, फाईलला लावायला. मुख्याध्यापक म्हणाले, देऊन टाका, कशाला वाईटपणा घेता. मी दिलं नाही. रात्री बसून कागदावर यादी लिहिली: दुरेघी किती, चाररेघी किती, चौकटी किती, नववीचे संच किती. खाली लिहिलं की सामान ऑफिसात ठेवून जा, वर्गात आम्ही देऊ, फोटो काढायचा नाही. आज सकाळी तीच यादी त्यांना पाठवली.

ती पोर आज शाळेत आली होती. वही आणली नव्हती. विचारलं तर म्हणाली, घरी पेटीत ठेवली आहे, परत मागायला येतील म्हणून.