पोटभर जेवलेल्या माणसाचं उत्तर

‘नागरिक’ या टोपणनावाने आलेल्या प्रतिक्रियेला इथे स्वतंत्र उत्तर देतो आहे, कारण ते खालच्या चौकटीत मावणारं नाही. 1930 च्या जंगल सत्याग्रहावरच्या, म्हणजे इंग्रजांचा वनकायदा उघडपणे मोडण्याच्या चळवळीवरच्या लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं की कधी कधी कायदा मोडणंच नीतीला धरून असतं. त्यावर ‘नागरिक’ म्हणतात: “पोटभर जेवून सत्याग्रहाच्या गप्पा हाणणाऱ्यांना कायदेभंग फार रम्य वाटतो. प्रत्येकाने आपापल्या विवेकाला विचारून कुऱ्हाड चालवली असती तर आज एक झाड उरलं नसतं. बाबासाहेबांनी संविधान सभेत अशा मार्गांना अराजकाचं व्याकरण म्हटलं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात. आणि अण्यांनी पुसदला कायदा मोडला तो जुलैत, ऑगस्टमध्ये नव्हे. निदान तारखा तरी तपासा.”

तारीख मान्य. लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ गवत कापलं ते 10 जुलै 1930 ला. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. ‘निदान’ हा शब्द नसता तर ते मनापासूनही मानले असते.

आता ‘पोटभर’.

साहेब, तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखत नाही, पण मी तुमच्या ताटात डोकावलेलो नाही. माझी आजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. गावाला लागूनच राखीव जंगल. घरी एक म्हैस, आणि तिच्या दुधावर चालणारं घर. दिवाळीनंतर आजी जंगलातून गवताचा भारा आणायची. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 26 काढून बघा: राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणं हा गुन्हा, आणि गवत हे वनोपजच. कलम 52 खाली मालाबरोबर हत्यारंही जप्त करता येतात. आजीच्या बाबतीत हत्यार म्हणजे विळा.

तो दोनदा जप्त झाला. दुसऱ्यांदा मी बरोबर होतो, अकरा वर्षांचा. नाकेदाराने, म्हणजे वनखात्याच्या रखवालदाराने, भारा तिथेच टाकायला लावला, विळा सायकलच्या कॅरिअरला अडकवला आणि निघून गेला. आजी ओरडली नाही, रडलीही नाही. चालता चालता एवढंच म्हणाली, “गवत का सायबानं पेरलं व्हतं?” तिसऱ्या दिवशी एक कोंबडी देऊन विळा परत आला. पावती वगैरे काही नाही, कोंबडीची पावती कोण देतं? मधल्या दोन दिवसांत शेजारणीचा विळा मागून आणून ती पुन्हा जंगलात गेलीच होती, आणि मीही गेलो होतो. (नाकेदार माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. आमच्याच ओसरीवर चहा प्यायचा आणि वरच्या साहेबाला शिव्या द्यायचा.)

तर कायदेभंग मला रम्य वाटतो का? मला तो गवताने कापलेल्या बोटांसारखा वाटतो. अण्यांच्या वेळी फुलं होती, घोषणा होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तिथे आज हुतात्म्यांचं स्मारक आहे. आजीचं स्मारक कोण बांधणार? गवत तेच, कलमं तीच, फक्त झेंडा बदललेला.

आज मी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, फ्रीज भरलेला आहे, आणि हो, पोटभर जेवतो. मग? जे उपाशी होते त्यांनी लिहिलं नाही कारण त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी जेवलेलं असता कामा नये, अशी तुमची अट दिसते. मग या विषयावर लिहायचं कोणी? बहुधा तुम्ही. टोपणनावाने.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. 2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकेतच जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर आणि इतर पारंपरिक वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं लिहिलं आहे. कायद्याने स्वतःच्या तोंडाने दिलेला कबुलीजबाब आहे तो. आता तुम्हीच सांगा, तोवर पिढ्यान्‌पिढ्या जी माणसं गुन्हेगार ठरली, त्यांनी 2006 उजाडेपर्यंत म्हशींना काय घालायचं होतं?

झाडांचा मुद्दा नेहमीचाच आहे, त्यात फार शिरत नाही. विळा आणि कुऱ्हाड यात फरक असतो, एवढं नोंदवतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. जंगल जागेवर आहे, जाऊन बघून या. सगळ्या गावांत असंच होईल का, असं विचाराल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिले बाबासाहेब. 25 नोव्हेंबर 1949 चं ते भाषण मी विसरलेलो नाही, तुम्ही ते अर्धं वाचलंय. घटनात्मक मार्ग खुले असताना या मार्गांचं समर्थन करता येणार नाही, असं ते म्हणाले. ‘असताना’ हा शब्द तुमच्या प्रतिक्रियेतून कुठे गेला? 1930 साली अण्यांना कोणता मार्ग खुला होता? आणि 1950 नंतर तो सगळ्यांना खुला झाला, असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे मला. कागदावर झाला, हो. आजीसाठी तो मार्ग म्हणजे तालुक्याला जाणारी दिवसातली एकमेव एसटी, बुडालेली मजुरी, आणि तिला वाचता न येणारा अर्ज. बाबासाहेबांनी हे मान्य केलं असतं का? मला वाटतं, केलं असतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर आपण दोघंही अंदाजच करतोय, आणि त्यात ‘सोयीस्कर’ हा शब्द फक्त माझ्या वाट्याला का यावा हे मला कळत नाही.

हे लिहीत असताना तुमची दुसरी प्रतिक्रिया येऊन पडली आहे. पहिल्या ओळीत ‘तुमच्यासारखे लोक’ असं दिसलं, पुढे वाचलेलं नाही. आधी जेवून घेतो.