सेक्रोपिनविषयीच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. कीटकांच्या प्रतिजैविक पेप्टाइडांवरील (जिवाणूंना मारणाऱ्या, प्रथिनांसारख्याच पण आखूड साखळ्यांवरील) माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘या पेप्टाइडांपुढे जिवाणूंची प्रतिकारशक्ती चालणार नाही’ हे माझे विधान खोटे आहे, हा पहिला. आणि चाळीस वर्षांत कीटकांच्या या पेप्टाइडांपासून एकही औषध हाती आलेले नसताना एवढा गाजावाजा कशासाठी, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, कारण त्याचा पुरावा मी लेखात सांगितलेल्या सेक्रोपिनच्या शोधाच्या हकिगतीच्याच शेजारी पडलेला होता. स्टॉकहोममध्ये संशोधक हान्स बोमन यांनी सेक्रोपिया पतंगाच्या सुप्तावस्थेतील कोषांना जिवंत जिवाणू टोचले. असा कोष नवी प्रथिने जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे टोचल्यानंतर त्याच्या रक्तात जे नव्याने दिसू लागले ते संसर्गाला दिलेले उत्तर होते, हे ओळखणे सोपे गेले. त्यातूनच १९८१ साली सेक्रोपिन या जिवाणूनाशक पेप्टाइडाची ओळख पटली. परंतु बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा जिवाणू, म्हणजे आपल्या कापूस उत्पादकांना ठाऊक असलेला ‘बीटी’, सेक्रोपिनचे तुकडे करणारे विकर सोडतो, हे १९८४ मध्ये स्टॉकहोममधूनच प्रसिद्ध झाले. बेडकाच्या पेप्टाइडावर बेतलेल्या पेक्सिगानानला तर जिवाणू प्रयोगशाळेत ६००-७०० पिढ्यांत सरावले, हे २००६ पासून सर्वांसमोर आहे. मूळ लेखातील ते वाक्य मी काढून टाकले आहे.

दुसऱ्या आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ही पेप्टाइडे आपल्याच शरीरातील विकरांपुढे फार वेळ टिकत नाहीत आणि ती तयार करणे महाग पडते, त्यामुळे कोषातून थेट कुपीत असा प्रवास होणार नव्हताच. माझ्या लेखात आणखी एक चूक होती, ती आपल्या नजरेतून सुटली: सगळीच पेप्टाइडे जिवाणूच्या पटलाला भोके पाडतात, असे मी लिहिले होते. मधमाशीचे एपिडेसिन तसे करत नाही. ते पेशीत शिरून रायबोसोमवरील, म्हणजे पेशीच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावरील, प्रथिननिर्मिती शेवटच्या टप्प्यावर अडवते. एका शिकारी ढेकण्याचे थॅनॅटिन अवघ्या २१ अमिनो आम्लांचे आहे. ग्रॅम-ऋण, म्हणजे आतल्या पटलाबाहेर आणखी एक आवरण असलेल्या, जिवाणूंच्या त्या बाह्य आवरणाचा माल आतून बाहेर पोहोचवणारा प्रथिनांचा एक पूल असतो. त्या पुलाच्या एका कमानीला, एलपीटीए या प्रथिनाला, थॅनॅटिन चिकटते आणि वाहतूक तुंबते. हे २०१८ मध्ये उलगडले. एवढे नेमके ठिकाण कळल्यावर तेथे बसणारा, विकरांपुढे टिकणारा कृत्रिम रेणू घडवता येतो, आणि माझ्या मते कीटकांकडून घ्यायचे ते हे.

थॅनॅटिनला दाद न देणारे जिवाणूही त्याच अभ्यासात सापडले होते, हे आपण म्हणण्याआधी मीच सांगतो. त्यांच्यातील बदल नेमके एलपीटीएच्या जनुकात होते, म्हणूनच नेम कोठे लागतो याची संशोधकांना खात्री पटली.